घरच्या लग्नात फोटो काढायचेत? लेन्स आधी नाही, हॉल आधी बघा

तारीख ठरते, हॉल बुक होतो, आणि मग कोणीतरी मावशी किंवा काकू म्हणतेच, तुझ्याकडे चांगला कॅमेरा आहे ना, मग फोटो तू काढ. आपल्यालाही मनातून आनंद होतो आणि पहिला प्रश्न डोक्यात येतो की लेन्स कुठली घेऊ. ज्याला विचाराल तो सांगतो ५० एमएम एफ १.८ घे, स्वस्त आहे, मागचं मस्त ब्लर होतं, डोळे झाकून घे. (एमएम म्हणजे फोकल लेंग्थ, आकडा जितका मोठा तितकं कमी दृश्य फ्रेममध्ये मावतं; एफ म्हणजे ॲपर्चर, लेन्सचं छिद्र, आकडा जितका लहान तितका उजेड जास्त.)

मी तेच केलं होतं. मावसबहिणीचं लग्न, ठाण्यात नौपाड्यातला एक जुना हॉल, पहिल्या मजल्यावर, माझ्याकडे कॅननची क्रॉप बॉडी, म्हणजे लहान सेन्सरचा कॅमेरा, आणि त्यावर ५० एमएम. मंगलाष्टका सुरू झाल्या तेव्हा मी स्टेजवर भटजींच्या बाजूला उभा, मागे फुलांची भिंत, अजून मागे सरकायला एक पाऊल जागा नाही, आणि फ्रेममध्ये येतंय काय तर नवरीचा चेहरा आणि अंतरपाटाची कड. पाठीशी उभे असलेले मामा नाहीत, करवल्या नाहीत, कोणी नाही. किट लेन्स, म्हणजे कॅमेऱ्यासोबत मिळालेली साधी १८-५५, खाली नवरीच्या खोलीत बॅगेत. आजी पहिल्या रांगेत खुर्चीवर बसून अक्षता टाकत होती, तिचा एकच फोटो मिळाला तोही हललेला, कारण शटर १/४० सेकंदावर, म्हणजे फार हळू, राहिलं होतं. आजी आता नाही. त्यामुळे हा विषय माझ्यासाठी नुसता सामानाचा नाही, आणि म्हणून एवढं सविस्तर लिहितोय.

आधी तुमचं काम काय ते ठरवा

पगारी फोटोग्राफर येणार आहे का हे सगळ्यात आधी विचारा. येणार असेल तर तुमच्या लेन्सची निवड एकदम बदलते. त्याच्याकडे ७०-२०० एमएमची मोठी झूम असेल, तो लांबून नवरा-नवरीचे क्लोजअप काढेल, स्टेजवर रांगेने येणाऱ्या पाहुण्यांचे फोटो काढेल. ते परत तुम्ही काढून काय उपयोग. तुमच्याकडे जे आहे ते त्याच्याकडे नाही, ते म्हणजे तुम्ही घरचे आहात. मुंडावळ्या बांधताना, गौरीहर पुजायला नवरी बसलेली असताना, आई कोपऱ्यात डोळे पुसताना कोणी तुम्हाला बाहेर जा म्हणत नाही, कोणी पोझ देत नाही, सगळे तुमची सवय असल्यासारखे वागतात. मग जवळ जाता येत असताना लांबची लेन्स कशाला? माझं ठाम मत आहे की घरच्या माणसाची लेन्स ही फुलफ्रेमच्या (मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्याच्या) हिशोबात २८ ते ५० एमएमच्या मधली. दोन हातांवर उभं राहून माणूस आणि त्याच्या आजूबाजूचं घर दोन्ही दिसलं पाहिजे.

आणि जर फोटोग्राफर नसेलच, सगळं तुमच्यावर असेल, तर पन्नास-साठ माणसांचं लग्न असेल तरच हो म्हणा. पाचशे माणसांच्या लग्नात एकट्याने जबाबदारी घेतली तर तुम्हाला ना जेवता येत ना भेटता येत, आणि कॅमेरा मधेच बंद पडला तर दुसरा हातात नसतो.

हॉलला जाऊन या, किट लेन्स घेऊन

ही पायरी कोणी करत नाही आणि हीच सगळ्यात महत्त्वाची आहे. हॉलच्या मॅनेजरला फोन करून दुसरं कार्य नसेल अशा दिवशी जा, पण वेळ शक्यतो मुहूर्ताचीच ठेवा. दुपारी साडेबाराचा मुहूर्त आणि गोरज मुहूर्त यात खिडकीतून येणारा उजेड पूर्ण वेगळा असतो. त्यांना सांगून स्टेजचे सगळे लाइट लावायला लावा. ठाण्यातले जुने हॉल बघितले तर बऱ्याच ठिकाणी छत खाली, स्टेज उथळ, आणि घोडबंदर रोडच्या किंवा वाशी-नेरुळच्या मोठ्या बँक्वेटमध्ये उलटं, छत उंच आणि रंगीत लाइट जास्त. दोन्हीला वेगळी तयारी लागते.

तिथे किट लेन्स म्हणजे तुमची मोजपट्टी. १८-५५ लावा आणि लग्नात जिथे उभं राहायला मिळेल तिथे खरंच जाऊन उभे राहा, भटजींची बाजू, स्टेजच्या खाली मधोमध, मागचा दरवाजा. सोबत कोणाला तरी न्या, त्याला नवऱ्याच्या जागी उभं करा. मग रिंग फिरवून बघा की अंतरपाटाच्या दोन्ही बाजू आणि मागचे मामा मिळून फ्रेममध्ये यायला किती एमएम लागतंय. २४ आलं तर २४ लिहून ठेवा. हा आकडा कुठल्याही रिव्ह्यूमध्ये मिळणार नाही.

घरबसल्या अंदाज हवा असेल तर साधा हिशोब आहे. क्रॉप सेन्सर साधारण २२ ते २४ एमएम रुंद असतो. जेवढं रुंद दृश्य हवं त्याला फोकल लेंग्थने गुणा आणि सेन्सरच्या रुंदीने भागा, की किती लांब उभं राहायचं ते कळतं. बारा जणांची एक रांग म्हणजे साधारण ६ मीटर धरा, तर ५० एमएमने जवळजवळ साडेतेरा मीटर मागे जावं लागेल, २४ ने साडेसहा, १८ ने पाचच्या आत. कॅमेरा उभा धरून एका माणसाचा पायापासून डोक्यापर्यंत फोटो काढायचा तरी ५० एमएमला ५ मीटर लागतात. जुन्या हॉलच्या स्टेजवर ५ मीटर मिळत नाहीत, विषय संपला.

दुसरं मोजायचं ते उजेड. किट लेन्स ५५ वर नेली की ॲपर्चर एफ ५.६ होतं. आयएसओ (सेन्सर उजेडाला किती संवेदनशील ते) ३२०० ठेवा, माणसाच्या चेहऱ्यावर नीट एक्स्पोजर येईल असं शटर बघा. समजा १/५० आलं. तर त्याच जागी एफ २.८ ची लेन्स चौपट उजेड घेते, म्हणजे १/२०० मिळणार, आणि एफ १.८ जवळजवळ दहापट घेते म्हणजे १/५०० च्या आसपास. म्हणजे लेन्स हातात नसताना सुद्धा ती घेऊन किती फायदा होईल ते तुम्हाला तिथेच कळलं. अक्षता उडताना, अंतरपाट खाली येताना, हार घालताना हात हलतात, तिथे किमान १/२०० हवंच, जमलं तर १/३२०. बरेच जण म्हणतात माझ्या लेन्सला स्टॅबिलायझेशन आहे, पण ते तुमचा हात हलला तर सांभाळतं, समोरचा माणूस हलला तर काहीच करत नाही. आजीचा फोटो तसाच गेला.

बॉडी आणि माउंट, थोडक्यात

क्रॉप बॉडीवर लेन्सचा एमएम एका आकड्याने गुणायचा, कॅननचा तो आकडा १.६, निकॉन, सोनी, फुजीचा १.५. म्हणजे ५० एमएम क्रॉपवर ८० किंवा ७५ सारखी दिसते, ती पोर्ट्रेटची लेन्स झाली, सगळीकडे चालणारी नाही. क्रॉपवर ती "सगळीकडची" लेन्स म्हणजे ३० किंवा ३५, आणि घरात, स्टेजवर २४.

भाड्याने किंवा मित्राकडून घेताना फसायला होतं ते माउंटमध्ये, म्हणजे लेन्स बॉडीला जिथे बसते त्या जोडात. कॅननची ईएफ-एस लेन्स त्यांच्या फुलफ्रेम डीएसएलआरवर (आत आरसा असलेल्या कॅमेऱ्यावर) बसत नाही. निकॉनच्या डी ३००० आणि डी ५००० मालिकेतल्या कॅमेऱ्यांत फोकस मोटर नाही, त्यामुळे स्वतःची मोटर नसलेली जुनी एएफ-डी लेन्स बसेल पण ऑटोफोकस होणार नाही, तिथे एएफ-एस लिहिलेलीच घ्या. कॅननच्या आर माउंटच्या मिररलेसवर (आरसा नसलेल्या नव्या कॅमेऱ्यावर) त्यांची डीएसएलआरची ईएफ लेन्स ॲडॅप्टरने छान चालते, फक्त ॲडॅप्टर सोबत मागायला विसरू नका.

कुठल्या विधीला काय लागतं

हळदीपासून सुरू करू. सोसायटीच्या क्लबहाऊसमध्ये किंवा टेरेसवर सकाळची हळद असेल तर उजेड भरपूर, किट लेन्स सुद्धा मस्त काम करते. पण नवी मुंबईत घणसोली, करावे, दिवाळे अशा गावठाणातली आगरी-कोळी हळद असेल तर गणितच वेगळं. हळद रात्रीची, गल्लीत मांडव, बेंजो किंवा डीजे, धवलारीण (लग्नाची पारंपरिक गाणी म्हणणारी बाई) गातेय, अख्खं गाव नाचतंय आणि तुम्ही त्या गर्दीच्या आत. तिथे मागे जायला जागा नाही आणि उजेड रंगीत. तिथे क्रॉपवर १६ ते २४ एमएम, जेवढी एफ १.४ ते २.८ कडे झुकलेली तेवढी बरी, आणि लेन्स बदलायचा विचारच करू नका, हळदीची पूड हवेत असते ती सरळ सेन्सरवर जाते. लेन्सवर साधा यूव्ही फिल्टर लावून ठेवा, पुसायला तो बरा. अजून एक, डीजेचे लेझर थेट कॅमेऱ्याकडे येत असतील तर बाजूला व्हा, लेझरने सेन्सर कायमचा खराब होऊ शकतो.

चुडा, मेंदी, अंगठ्या, रुखवत यांचे क्लोजअप. इथे लोकांना वाटतं ५० एमएमच हवी. उलट आहे. कॅननची ५० एफ १.८ एसटीएम ३५ सेंटीमीटरपेक्षा जवळ फोकस करत नाही, निकॉनची एएफ-एस ५० तर ४५. साधी १८-५५ पाव मीटरपर्यंत जाते आणि ५५ वर मेंदीचा हात अख्खी फ्रेम भरून येतो. खिडकीपाशी हात न्यायला सांगा आणि किट लेन्सने काढा, वेगळी मॅक्रो कशाला.

नवरीची तयारी, ही माझी सगळ्यात आवडती वेळ. खोली छोटी, त्यात दहा बायका, ब्युटिशियन, बॅगांचा ढीग. क्रॉपवर २४ ते ३५. कॅननवाल्यांना ईएफ-एस २४ एफ २.८, निकॉन डीएसएलआरवाल्यांना डीएक्स ३५ एफ १.८, मिररलेसवर सिग्माची ३० एफ १.४, या सगळ्या लहान आणि हलक्या लेन्स आहेत, कोणाच्या नजरेत येत नाहीत. चेहऱ्याच्या अगदी जवळ जाऊन १८ एमएमने मात्र काढू नका, नाक मोठं येतं आणि नवरीला ते कधीच आवडणार नाही.

नथीचा आणि चेहऱ्याचा क्लोजअप, इथे ५० एमएम खरंच सुंदर. पण एफ १.८ वर ठेवू नका. क्रॉपवर १ मीटरवरून काढलं तर फोकसमध्ये राहणारी जाडी पावणेतीन सेंटीमीटरच्या आसपास असते, म्हणजे नथ शार्प आणि डोळे गेले. एफ २.८ ते ४ करा. आणि मुंडावळ्या! चेहऱ्याच्या बाजूने लोंबणाऱ्या मोत्यांवर ऑटोफोकस पटकन जातो, स्क्रीनवर छोट्या साइझमध्ये फोटो शार्प वाटतो आणि घरी मोठा केल्यावर कळतं. आय-डिटेक्ट (डोळा ओळखून फोकस करणारी सोय) असेल तर चालू ठेवा, नसेल तर एकच फोकस पॉइंट निवडून डोळ्यावर ठेवा.

अंतरपाट आणि मंगलाष्टका. स्टेजवर जागा मिळाली तर १८ ते २४, खाली उभं राहावं लागलं तर ५० ते ८५. खालून काढताना स्टेजची उंची आड येते, सगळ्यांच्या हनुवट्या आणि नाकपुड्या दिसतात, एक छोटं स्टूल आधीच मागून ठेवा. मी आता झूमच लावतो, कारण अंतरपाट दूर होतो तो क्षण दोन सेकंदांचा आणि लगेच हार, लगेच अक्षता, लगेच सगळे नातेवाईक स्टेजवर, मधे लेन्स बदलायला वेळच नाही. आणि शेवटच्या मंगलाष्टकेला एकदा मागे वळून बघा, समोर बसलेली वडीलधारी माणसं अक्षता टाकत असतात, ते फोटो पगारी फोटोग्राफर सहसा काढत नाही कारण त्याची पाठ तिकडे असते.

लाजाहोम, सप्तपदीला धूर असतो, जवळून फ्लॅश मारला तर धूरच पांढरा होतो, एफ २.८ आणि जास्त आयएसओ हेच बरं. कानपिळीला नवरीचा भाऊ आणि नवरा दोघं एका फ्रेममध्ये हवेत, ३५ पुरते.

ग्रुप फोटो. एफ ५.६, दोन रांगा असतील तरी, आणि फोकस पुढच्या रांगेवर. १८ वर काढलं की कडेची माणसं रुंद दिसतात, त्यामुळे शक्य तेवढं मागे जाऊन २४ ते ३५ वर या आणि आजी-आजोबांना मधे बसवा.

पाठवणी बहुतेक वेळा हॉलच्या दारात किंवा पार्किंगमध्ये, संध्याकाळी, पिवळ्या लाइटमध्ये. इथे ३५ एफ १.८. आणि दोन-चार फोटो झाले की कॅमेरा खाली घ्या, बहीण तुमचीही आहे.

मग घ्यायचं काय

एकच लेन्स सांगा म्हणाल तर क्रॉपवर १७-५० एफ २.८. सिग्मा आणि टॅमरॉन दोघांच्याही डीएसएलआरसाठी आहेत, मिररलेससाठी सिग्माची १८-५० एफ २.८ आहे जी ३०० ग्रॅमच्या आतली आहे, दिवसभर गळ्यात जाणवत नाही. फुलफ्रेम असेल तर २४-७० किंवा २८-७५ एफ २.८. लग्नातले बहुतेक फोटो याच रेंजमध्ये येतात, आणि एफ २.८ हे झूमच्या दोन्ही टोकांना राहतं, किट लेन्ससारखं ५.६ ला जात नाही.

दोन घेता आल्या तर हाच झूम आणि सोबत ३५ एफ १.८. मी ५० च्या आधी ३५ घेईन. ५० तिसरी.

नवीन काहीच घ्यायचं नाही, तर किट लेन्स आणि एक फ्लॅश. हे लोकांना कमीपणाचं वाटतं पण छत पांढरं आणि खाली असेल तर फ्लॅश छताकडे वळवून मारा, सगळ्या खोलीत मऊ उजेड पसरतो आणि एफ ५.६ वर सुद्धा चेहरे स्वच्छ येतात. छत रंगीत किंवा लाकडी असेल तर चेहऱ्यावर तोच रंग येतो, म्हणून हॉल बघताना मान वर करून छतही बघा. भटजींना आणि फोटोग्राफरला आधी विचारून घ्या.

७०-२०० एफ २.८ घरच्या लग्नाला मी नको म्हणेन. डीएसएलआरवाली जवळजवळ दीड किलोची, हात भरून येतो आणि ज्याच्यावर रोखाल तो लगेच सावध होतो.

भाड्याने की विकत

एका लग्नासाठी भाड्यानेच. ठाण्यात आणि नवी मुंबईत भाड्याने देणारे आहेत, ओळखपत्र आणि डिपॉझिट लागतं. पण लक्षात ठेवा, चातुर्मास संपून तुळशीचं लग्न झालं की मुहूर्त सुरू होतात, आणि तुमचा मुहूर्त तो अजून शंभर जणांचा मुहूर्त असतो, लेन्स सगळ्या त्याच दिवशी बाहेर. महिनाभर आधी बुक करा आणि लग्नाच्या दिवसाचीच नाही, निदान एक दिवस आधीपासूनची घ्या. घेताना दुकानातच समोरून, मागून, बाजूने मोबाइलवर फोटो काढून ठेवा, नंतर ओरखड्यावरून वाद नको.

विकत घ्यायची तर फोर्टातल्या बोरा बाजारात एक चक्कर माराच, ठाण्याहून फास्ट लोकलने सीएसएमटी आणि तिथून चालत. सेकंडहँड घेत असाल तर मोबाइलचा टॉर्च लेन्सच्या मागून मारून पुढून बघा, कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले की ती बुरशी, लेन्स परत ठेवा. आपल्याकडच्या पावसाळ्यात हा रोग फार. घरी आल्यावर स्वयंपाकघरातला घट्ट झाकणाचा डबा आणि त्यात सिलिका जेल, एवढं केलं तरी पुरतं. मग ॲपर्चर उघडतं-मिटतं का, फोकस रिंग अडकते का, आणि तुमच्याच बॉडीवर लावून दहा फोटो.

आदल्या आठवड्यात सराव

नवीन लेन्स थेट लग्नात काढू नका. संध्याकाळी ठाण्याच्या तलावपाळीला जा, फेरीवाले, चालणारी माणसं, दिवेलागणीचा उजेड, लग्नात जे लागतं ते सगळं तिथे आहे. चालत्या माणसाच्या डोळ्यावर फोकस ठेवून शंभर फोटो काढा आणि घरी मोठे करून बघा किती शार्प आलेत.

एलईडीचंही तेव्हाच तपासा. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे हलक्या दर्जाचे लाइट सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात आणि जलद शटरवर फोटोत आडवे काळे पट्टे येतात. तसं दिसलं तर शटर १/१०० करा, कॅमेऱ्यात अँटी-फ्लिकर असेल तर चालू करा, आणि मिररलेसवाल्यांनी सायलेंट शटर बंद ठेवून मेकॅनिकल वापरा. १/१०० वर हलणारे हात थोडे पुसट येतील, म्हणून त्या लाइटखाली क्षण थांबतो तेव्हा दाबा, हार गळ्यात पडल्यावर, पडताना नाही. आयएसओला मात्र घाबरू नका. ३२००, ६४०० चा दाणेदार फोटो घरचे आनंदाने बघतात, हललेला बघत नाहीत. रॉ मध्ये (कॅमेऱ्याने काहीही न बदललेल्या मूळ फाइलमध्ये) काढा, पिवळ्या-निळ्या लाइटचा गोंधळ नंतर सुधारता येतो.

लग्नाच्या दिवशी

सगळ्या लेन्स एकाच लहान बॅगेत, आणि बॅग अंगावरच, नवरीच्या खोलीत ठेवली की तुम्ही स्टेजवर आणि लेन्स खाली. दोन बॅटऱ्या, दोन कार्ड, एक मऊ कापड. एप्रिल-मेमधलं लग्न असेल तर एसी हॉलमधून बाहेर पाठवणीला आलात की गार काचेवर लगेच वाफ धरते आणि पाच-दहा मिनिटं सगळं धूसर, ते पुसून जात नाही, परत परत येतं. म्हणून पाठवणीच्या पंधरा मिनिटं आधी कॅमेरा बॅगेत बंद करून एसीच्या बाहेर नेऊन ठेवा. मुहूर्ताच्या पाच मिनिटं आधी कार्ड बदला, अर्धं रिकामं असलं तरी. पंगत सुरू झाली की कॅमेऱ्यातले पहिले दहा फोटो मोठे करून तपासा, चुकीचं सेटिंग असेल तर निदान पुढचे विधी हातात असतात.

रात्री कितीही उशीर झाला तरी झोपायच्या आधी कार्ड दोन ठिकाणी कॉपी करा, आणि भाड्याची लेन्स परत द्यायच्या आधी पुढचं-मागचं दोन्ही झाकण बॅगेत आहे ना बघा, हळदीच्या गडबडीत सगळ्यात आधी तीच हरवतात.